डाग धुवायच्या आधी

३ मार्च, मंगळवार

ही वही म्हणजे मला झालेली शिक्षा आहे. चूक माझीच, त्यामुळे तक्रार नाही.

झालं असं की सकाळी सात वाजता सूनबाई न्हाणीघरातून बाहेर आली ती भिंतीला धरून. तोंड पांढरंफटक. म्हणाली, "आई, रक्त जातंय." दीड महिना झालाय तिला. लेक जिन्यात पोचला होता, त्याला हाक मारून मागे बोलावलं. तो खिडक्यांच्या काचा बसवतो. हात असा स्थिर की चौथ्या मजल्यावर लटकून काच बसवेल आणि बोटाचा ठसा उमटणार नाही. त्याला आज बुटाची नाडी बांधता येईना. तो गाडी बघायला पळाला, ती कपडे बदलायला लागली, आणि मी काय केलं? चादर ओढली, तिचा गाऊन उचलला, बादलीत गार पाणी, मूठभर मीठ, आणि बसले धुवायला. गाडी दारात येईपर्यंत चादर लख्ख करून वाळतसुद्धा घातली.

त्रेचाळीस वर्षं लॉन्ड्रीत काढली आहेत मी. हॉस्पिटलच्या चादरी, हॉटेलच्या चादरी. आताही सकाळची अर्धी पाळी करते, घड्या घालायची. रक्त दिसलं की आधी माझा हात नळाकडे जातो, डोकं मागाहून येतं.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाई, लहानखुऱ्या, केसांना साधं रबर लावलेल्या, विचारतात, "किती गेलं? पॅड भिजलं का? गाठी होत्या का?" सूनबाई म्हणते, "मी नीट बघितलंच नाही, घाबरले होते. चादरीवर बरंच होतं." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी छाती पुढे काढून सांगितलं, "काही काळजी करू नका, चादर स्वच्छ धुतलीय. डाग राहिला असेल तर नाव बदलेन."

मग डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "आजी, किती रक्त गेलं ते मला ती चादरच सांगणार होती."

मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मशीनवर बघितलं. पिशवी दिसते, आत इवलासा ठिपका दिसतो. ठोका दिसत नाही. दिवस लहान आहेत, दहा दिवसांनी पुन्हा बघू, म्हणाल्या. "राहील की नाही?" लेकानं विचारलं. "राहीलही, नाही राहणारही. आज कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. अशा दिवसांत रक्त पुष्कळ जणींना जातं आणि त्यातल्या बऱ्याच जणींचं नीट पार पडतं."

मग मला म्हणाल्या, "आजी, तुम्हाला एक काम. एक वही करा. तारीख, वेळ, रंग, किती, दुखतं का. गाठ पडली तर स्वच्छ डब्यात ठेवायची, टाकायची नाही. तासाला एक पॅड भिजलं, असे दोन तास गेले, किंवा चक्कर आली, ताप आला, पोटात फार दुखलं, तर मला न विचारता सरळ इकडे यायचं. आणि काहीही धुवायच्या आधी लिहायचं."

म्हणून ही वही. दोन वेळा आजी म्हणाल्या मला. मी मोजलं. घरात मी स्वतःला म्हणवून घेते ते वेगळं, पण डॉक्टरनं म्हणणं म्हणजे शिक्का की.

४ मार्च, बुधवार

सकाळी सहा : तपकिरी, चहाच्या चोथ्यासारखं. पॅड पाव भिजलं. दुपारी एक : गंजासारखं, थोडं कमी. संध्याकाळी सात : नुसता ठिपका. पोटात ओढल्यासारखं, फार नाही.

तपकिरी म्हणजे जुनं रक्त, वाटेत थांबून आलेलं. हे मला डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती. चादर बघून ती काल भिजली की आज, हे मी लांबून सांगते.

पान उरलंय म्हणून बाकीचं लिहिते. कोरं पान सोडणं म्हणजे अर्धा ड्रम भरून मशीन चालवण्यासारखं आहे.

रंगावरून आठवलं. गेल्या वर्षी सूनबाईनं चादर गरम पाण्यात धुतली होती. रक्ताचा डाग आणि गरम पाणी! डाग असा पक्का बसला की नवी चादर पायपुसण्यात गेली. मी पुष्कळ बोलले तिला. "एवढी मोठी बस वळवतेस आणि एक चादर धुता येत नाही?" ती सगळं मान खाली घालून ऐकत उभी राहिली, उलटून एक शब्द नाही. दुसरी एखादी असती तर धुसफुसली असती. चूक कबूल करायलाही मोठं मन लागतं.

ती बस चालवते हे लिहायचं राहिलं. बारा नंबर, स्टेशन ते पाण्याची टाकी. बारा मीटरची गाडी आणि चालवणारी माझ्या खांद्याएवढी. टाकीजवळच्या वळणावर भलेभले पुरुष दोनदा मागे-पुढे करतात, ही एका दमात काढते. मी पाळी सुटली की मुद्दाम तिचीच बस धरते आणि पुढच्या सीटवर बसते. शेजारी कोण बसलंय ते न बघता सांगते, "ही माझी सून."

पंधरा दिवसांपूर्वी मात्र तेवढ्यावर थांबले नाही. सकाळी तिनं मला सांगितलं, आणि वर म्हणाली, "आई, इतक्यात कुणाला सांगू नका हं, तीन महिने होऊ देत." मी म्हटलं, छे, मी कशाला सांगते. दुपारी बसमध्ये बसले, आणि टाकी येईपर्यंत सगळ्या बसला माहीत. एका म्हाताऱ्यानं टाळ्या वाजवल्या. आरशात सूनबाईचे डोळे दिसले मला. मला वाटलं, आनंदानं भरून आलेत.

६ मार्च, शुक्रवार

दिवसभर काही नाही. फक्त दुपारी गुलाबी, पुसल्यावर.

आज आमचं वाजलं. मी तिला पलंगावरून उठू देत नाही. उशा पायाखाली, जेवण हातात, फोन उशाशी. चौथा दिवस. आज पाळीवरून आले तर बाईसाहेब खुर्चीवर चढून वरच्या फळीवरची बरणी काढतायत!

"उतर खाली! जीव घ्यायचाय का माझा?"

"आई, डॉक्टरांनी सांगितलंय झोपून राहायची गरज नाही. चाला, फिरा म्हणाल्या. तुमच्यासमोर म्हणाल्या."

"डॉक्टरांना काय जातंय सांगायला? त्यांनी कधी..." मी खुर्ची धरली.

"त्यांनी कधी काय?"

"काही नाही. बरणी दे इकडे."

लेक मध्ये पडला. "आई, तिला माणसासारखं जगू दे गं." मी म्हटलं, "तू बुटाच्या नाड्या बांध आधी." हसली ती. चार दिवसांत पहिल्यांदा हसली. मग मी पण भांडण आवरतं घेतलं, पण खुर्ची उचलून माझ्या खोलीत ठेवली ती ठेवलीच.

९ मार्च, सोमवार

काही नाही. सकाळ दुपार संध्याकाळ काही नाही. "काही नाही" लिहायला इतकं बरं वाटेल असं वाटलं नव्हतं.

वाफ येऊन गेली. वाफ म्हणजे माझी मैत्रीण, लॉन्ड्रीत इस्त्रीच्या रुळावर असते. तोंड उघडलं की चटका बसतो म्हणून वाफ. मी तिला बाळाची टोपी दाखवली, मी आणलेली, पिवळी.

"बाजारात तुरी..." म्हणाली ती.

"पुढचं बोलू नकोस."

"मी काय वाईट बोलतेय? सगळ्या बसमध्ये दवंडी पिटलीस. आता जो तो तिला विचारणार, कशी आहेस, कितवा महिना. आणि नसलंच राहिलं तर? मग पण तीच सांगणार ना एकेकाला?"

मी टोपीची घडी घातली. उत्तर वाफ गेल्यावर सुचलं, पण तेही बरोबर नव्हतं.

मग टोपी सूनबाईला दिली. तिनं ती कपाटात पार मागे, हिवाळी कपड्यांखाली ठेवलीय. पिवळा रंग आवडला नसावा.

१३ मार्च, शुक्रवार

ठोका आहे!!

आधी क्रमानं लिहिते. सकाळी हॉस्पिटलात गेलो, तिघंही. कार्ड करणारी सिस्टर विचारते, "कितवी खेप?" सूनबाईनं तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "पहिली." सिस्टरनं सूनबाईकडे बघितलं, कागदाकडे बघितलं, आणि '२' लिहिला. मी म्हटलं, "अहो, एक लिहा एक." सूनबाई म्हणाली, "राहू दे आई, त्यांची मोजायची पद्धत वेगळी असते." असेल बाई. आमच्याकडे पण उशीचे अभ्रे जोडीनं मोजतात.

मग आत. खोली अंधारी, मशीनचा उजेड तेवढा. डॉक्टर मशीन फिरवत राहिल्या. सूनबाईनं पडद्याकडे बघितलंच नाही, ती छताकडे बघत होती आणि लेकाचा अंगठा तिनं असा धरलेला की त्याचं नख पांढरं पडलं. मग डॉक्टर म्हणाल्या, "हं. हा बघा." आणि बटण दाबलं.

मी पुष्कळ मशीनं ऐकली आहेत. मोठा ड्रम पाणी पिळायला लागला की जमीन हलते. पण असा आवाज नाही ऐकला. टपटपटपटप, कुणीतरी अनवाणी पळत सुटल्यासारखा. मिनिटाला एकशे बेचाळीस. मी विचारलं, "इतकं जोरात? दमणार नाही का?" डॉक्टर हसल्या, "दमू दे. याच वयात पळतात."

पिशवीच्या बाजूला रक्ताचा एक साठा आहे, काळा डाग दिसतो. तो हळूहळू जिरेल किंवा बाहेर येईल. म्हणजे पुन्हा रक्त जाऊ शकतं. तयारी असू द्या म्हणाल्या. ठोका दिसला म्हणजे आशा वाढली, हमी नव्हे.

मग माझी वही मागितली. पान पान वाचलं. म्हणाल्या, "चहाच्या चोथ्यासारखं, गंजासारखं, पुसल्यावर गुलाबी. अहो आजी, असं मला शिकलेल्या बायका लिहून देत नाहीत. मला डोळ्यांनी बघितल्यासारखं वाटलं." मी चौथीत शाळा सोडली. आज बाईंनी माझी वही सगळ्या वर्गाला दाखवल्यासारखं झालं.

मंगळवारपासून कामावर जायला हरकत नाही म्हणाल्या. खुर्ची परत स्वयंपाकघरात ठेवली.

१७ मार्च, मंगळवार

काही नाही.

बारा नंबर पुन्हा आमच्या सूनबाईकडे. मी पुढच्या सीटवर. शेजारणीनं विचारलं, "आजी, सूनबाई बरी आहे ना आता?" मी म्हटलं, "बस किती छान चालवते बघा." दुसऱ्या बाईनं विचारलं, तिलाही हेच. तोंडाला कुलूप लावणं इतकं अवघड असतं होय! टाकीच्या वळणावर मात्र राहवलं नाही, म्हटलंच, "ही माझी सून." तेवढं चालतं.

२४ मार्च, मंगळवार

आजचं नीट लिहायचं आहे. नोंद ती नोंद.

दुपारी दीडची बस. मी पुढे. बाजाराच्या थांब्यानंतर सूनबाईचा हात चाकावर घट्ट झालेला दिसला. मला वाटलं, पुढे कुणी आडवं आलं असेल. तिनं बस पुढच्या थांब्यापर्यंत नेली. जपून, एक धक्का नाही. बाजूला लावली, ब्रेक ओढला, दोन्ही दारं उघडली आणि माइकमधून म्हणाली, "ही बस इथून पुढे जाणार नाही. मागची सात मिनिटांत येतेय. उतरताना पायरी बघा." आवाज रोजच्यासारखा. लोक कुरकुरले. एकजण म्हणाला, "बायकांच्या हातात बस दिली की असंच." ती म्हणाली, "काका, पायरी बघा." सगळे उतरले. शेवटचा उतरल्यावर तिनं डेपोला फोन केला, गाडीचा नंबर सांगितला, कुठे उभी आहे सांगितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, खूप जातंय. मला उठता येत नाहीये."

सीट भिजली होती.

मी आयुष्यात पहिल्यांदा रक्त बघून नळ शोधला नाही. घड्याळ बघितलं. एक वाजून त्रेपन्न. लाल, ताजं. पॅड पूर्ण भिजून कपड्यांतून बाहेर. एक गाठ, द्राक्षाएवढी. माझ्या डब्यातलं उरलेलं जेवण कागदात गुंडाळलं, डबा बाटलीच्या पाण्यानं धुतला आणि गाठ त्यात ठेवली. त्या डब्यात मी आता कधी जेवणार नाही, पण ते जाऊ दे. मघाचा तो काका गेला नव्हता. त्यानं टॅक्सी थांबवून आणली आणि आपला कोट सीटवर अंथरला. नाव विचारायचं राहिलं. कोट माझ्याकडे आहे.

दोन वाजून अठरा मिनिटांनी हॉस्पिटल. तोवर दुसरं पॅड अर्धं. लेक पोचला, हातावर काचा चिकटवायची लांबी तशीच वाळलेली.

मशीन लावलं. आज मी पण पडद्याकडे बघितलं नाही. डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"आहे," डॉक्टर म्हणाल्या. "ठोका आहे. चांगला आहे. तो साठा फुटून बाहेर आलाय. डब्यातली रक्ताचीच गाठ आहे, दुसरं काही नाही." मग रक्त थांबतंय का ते बघायला संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं.

तिथे झोपल्या झोपल्या सूनबाईनं विचारलं, "मी बस चालवली म्हणून झालं का?"

"नाही."

"धक्के बसतात. क्लच जड आहे."

"नाही. ऐका माझं. या दिवसांत गर्भ राहत नाही तेव्हा बहुतेक वेळा त्याची मुळातली जुळणीच चुकलेली असते. बस चालवल्यानं, जिना चढल्यानं, रोजचं काम केल्यानं नाही पडत. तुमची काही चूक नाही. आधीही नव्हती."

माझ्या तोंडून निघून गेलं, "आणि ओल्या चादरींची टोपली उचलली तर?"

डॉक्टर सूनबाईला म्हणाल्या, "तुम्ही उचलली का?"

"ही नाही," मी म्हटलं. "असंच विचारलं. मोठी टोपली. दोघींनी उचलायची, ती एकटीनं उचलली तर."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. घाईत असतात त्या कायम, पण आज स्टूल ओढून बसल्या. म्हणाल्या, "टोपलीनं नाही हो आजी. टोपलीचा दोष नाही, आणि उचलणारीचाही नाही."

मी हो म्हटलं आणि दाराशी जाऊन तिथल्या माठातलं पाणी प्यायले. दोन पेले.

२५ मार्च, बुधवार

सकाळी : तपकिरी, निम्मं पॅड. दुपारी : कमी. दुखणं नाही.

आज घरी आम्ही दोघीच. ती म्हणाली, "आई, ती टोपली कुणी उचलली होती?" मी म्हटलं, "होती आमच्या लॉन्ड्रीत एक बाई." ती म्हणाली, "हं."

मग थोड्या वेळानं म्हणाली, "आई, तुम्हाला एक सांगायचं राहिलंय. माझी ही दुसरी खेप आहे. गेल्या वर्षी दोन महिन्यांचं गेलं. तुम्हाला कळू दिलं नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्हाला आधी आनंद झाला असता. मग तो परत घ्यायला लागला असता. माझ्यात तेवढी ताकद नव्हती."

मी हिशेब लावला. गेल्या वर्षी. ती चादर.

गरम पाण्यात धुतली होती ना पोरीनं. डोळ्यांत पाणी, समोर रक्त, कोणता नळ सोडला हे तिला काय कळणार? आणि मी दारात उभी राहून तिला डाग काढायचे धडे देत होते. एवढी मोठी बस वळवतेस म्हणाले. मोठं मन वगैरे लिहिलंय मी याच वहीत, ते पान मी फाडणार नाही, असू दे डोळ्यांसमोर.

मी तिला म्हटलं, "त्या दिवशी मी जे बोलले..." ती म्हणाली, "तुम्हाला माहीत नव्हतं." मी म्हटलं, "माहीत नव्हतं म्हणून बोलण्याची धार कमी होते का?" त्यावर ती रडली, मी पण रडले, आणि दूध उतू गेलं. ओटा तिनं पुसू दिला नाही. मी मुकाट्यानं बसले. ऐकायची सवय लावून घेतेय.

२६ मार्च, गुरुवार

रक्त : थोडं, तपकिरी.

डेपोचे साहेब घरी आले होते. म्हणाले, प्रवासी उतरवून, दारं उघडी ठेवून, गाडीची जागा कळवून मगच स्वतःचं बघितलं, असं आमच्या नव्या ड्रायव्हरांना शिकवताना सांगणार आहोत. सूनबाई म्हणाली, "मग काय, लोकांना रस्त्यात सोडायचं?" मी दारामागून ऐकत होते. छाती अशी फुगली की ब्लाउजचं बटण तुटायचं.

त्यांनी हलकं काम दिलंय, तिकीट खिडकीवर. तिला खिडकी आवडत नाही. म्हणते, काचेतून माणसं एकाच जागी दिसतात.

२ एप्रिल, गुरुवार

पाच दिवस काही नाही. आता रकान्यात रेघच मारते.

कोट परत केला. तो काका रोज त्याच थांब्यावर असतो. धुऊन, इस्त्री करून दिला, इस्त्री खुद्द वाफेनं केली. त्यानं उलटसुलट करून बघितला. म्हणाला, "हा माझाच का?" मी म्हटलं, "डाग सापडला तर सांगा." त्यानं विचारलं, "त्या बाईंचं बरं आहे ना?" आता याला काय सांगावं? मी म्हटलं, "त्यांनाच विचारा, बस चालवायला लागल्या की. त्या सांगतील तेवढंच."

आज सूनबाईला माझं सांगितलं. लेकाच्या आधीचं. ओल्या चादरींची टोपली, जोडीदारीण आली नव्हती, मी एकटीनं उचलली. दुसऱ्या दिवशी गेलं. सासूबाई म्हणाल्या, टोपली उचलायची मस्ती आली होती का. तिसऱ्या दिवशी मी कामावर होते. एकेचाळीस वर्षं झाली. एकेचाळीस वर्षं मी ती टोपली खाली ठेवलीच नव्हती असं आता वाटतं.

सगळं ऐकून सूनबाई म्हणते, "मला त्याच दिवशी कळलं होतं. तुम्ही दोन पेले पाणी प्यायलात, आणि तुम्ही हॉस्पिटलातलं पाणी कधी पीत नाही."

ही पोर आरशात बघून बस चालवते. मागचं सगळं दिसतं तिला.

मग तिनं विचारलं, "मुलगी होती की मुलगा?" मला आजपर्यंत हे कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "इतक्या लहानपणी कळत नाही. पण मला मुलगी वाटायची." ती म्हणाली, "मला पण." तिच्या गेल्या वर्षीच्या खेपेचं म्हणत होती ती.

९ एप्रिल, गुरुवार

रेघ. रेघ. रेघ.

वाफ म्हणते, तू हल्ली कमी बोलतेस, बरी आहेस ना? मी म्हटलं, माल साठवतेय.

१४ एप्रिल, मंगळवार

आज बारा आठवडे पूर्ण.

रांग मोठी होती. दोन तास बाकावर. सूनबाई एकटीच्या जागेत तिघी बसाव्यात तशी आखडून बसली होती. कालपासून तिनं खाल्लेलं नाही म्हटलं तरी चालेल. लेक खिडकीच्या काचेभोवतीची लांबी नखानं तपासत उभा, बिनकामाचा.

आत गेलो. डॉक्टरांनी पडदा आमच्याकडे वळवला. ठिपका आता ठिपका राहिला नाही. डोकं आहे, पोट आहे, नाक आहे, आणि त्यानं हात वर केला. खरंच केला. सगळ्यांनी बघितला. लेक म्हणाला, "बस थांबवतंय." सूनबाई हसता हसता रडली, का रडता रडता हसली, ती नोंद मला नीट घेता आली नाही.

रक्ताचा साठा जवळजवळ जिरलाय. "पूर्ण निर्धास्त मी कुणालाच करत नाही," डॉक्टर म्हणाल्या, "पण मोठा घाट चढून झालाय तुमचा." मग सूनबाईला विचारलं, "काही शंका?" ती म्हणाली, "बस कधीपासून?" डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "पुढच्या आठवड्यापासून. ही तुमची सून आहे ना आजी?" मी म्हटलं, "हो. माझी." आणखी काही बोलले नाही. गरजच पडली नाही.

बाहेर आलो. कागद मिळायचा होता, थांबायला सांगितलं. लेक गाडी बघायला गेला. सूनबाई माझ्या शेजारी बसली, म्हणाली, "आई, जरा..." आणि वाक्य पुरं व्हायच्या आत तिचं डोकं माझ्या खांद्यावर. झोपली. दाराची ये-जा चाललेली, शेजारचं मूल भोकाड पसरून रडतंय, आणि ही गाढ. सहा आठवडे ही पोर धड झोपलेली नाही, हे मला तेव्हा कळलं. वजनावरून कळलं. जागं माणूस टेकलं तरी स्वतःला थोडं धरून असतं. तिनं काहीच धरलेलं नव्हतं.

खिडकीतून नंबर पुकारला, सदतीस. आमचाच. मी हलले नाही. पुन्हा पुकारला. कारकून बाहेर डोकावला, माझ्या हातातला चिटोरा बघितला.

"आजी, सदतीस तुमचाच ना? कागद न्यायचा नाही का?"

मी तोंडावर बोट ठेवलं.

"अहो, मागे लोक खोळंबलेत."

"त्यांचं आधी करा," मी हळूच म्हटलं. "आम्हाला घाई नाही."

अडतीस गेला, एकोणचाळीस गेला. हाताला मुंग्या आल्या, मग मुंग्या पण गेल्या. लेक येऊन समोर उभा राहिला, त्यालाही हातानंच बसवलं. पन्नास नंबरपर्यंत आम्ही तिथेच होतो.